हळदीचा पेला, कुंकवाचा पेला

दिवाळी अंकात अनारसे का फसतात यावर लिहावे, एखाद्या कादंबरीची चिरफाड करावी, नाही तर प्रवासवर्णन तरी द्यावे. मद्याच्या बाटलीचे परीक्षण देऊ नये, एवढे तारतम्य प्रस्तुत लेखकाला आहे. त्यातून मी पेणचा. ज्या तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबा जन्मले, त्या तालुक्यातल्या माणसाने असला विषय घेणे बरे दिसत नाही, हेही मला कळते. परंतु संपादकांनी मागितले ‘समीक्षात्मक काही तरी’, आणि खरे सांगावयाचे तर अलीकडे समीक्षक म्हणून माझी परीक्षा कोणत्या पुस्तकाने घेतलीच नाही. ती घेतली रोह्यास एका संध्याकाळी माझ्यापुढे ठेवलेल्या दोन पेल्यांनी. कायद्याची काळजी वाहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो, की १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये लागतो तो परवाना माझ्यापाशी आहे. घरातल्या मुलांनी हवे तर हे पान उलटून शब्दकोड्याकडे जावे.

रोह्याचा माझा मित्र व्यापारी बोटीवर चीफ इंजिनियर होता. निवृत्त होऊन वीसएक वर्षे झाली तरी गाव त्याला अजून ‘चीफ’च म्हणते, तेव्हा मीही येथे तेच म्हणेन. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. १९८० साली त्याची बोट टिलबरीला लागली असताना त्याने लंडनमधल्या एका दुकानातून १९७७ सालच्या व्हिंटेज पोर्टच्या दोन बाटल्या घेतल्या. दुकानदाराने बजावले होते, की आपला मुलगा लग्नाचा होईपर्यंत या उघडू नका. मुलगा तेव्हा रांगत होता. सामानात एकाच बाटलीपुरती जागा होती, म्हणून दुसरी त्याने लंडनवासी बहिणीकडे ठेवली. तिच्या जुन्या घराला तळघर होते. पहिली बाटली रोह्याच्या घरी आली. ‘बोटीवरचे औषध आहे’ असे वडिलांना सांगून चीफने ती कोठीच्या खोलीत, एका लाकडी पेटाऱ्यात, भाताच्या तुसात आडवी निजवली आणि वरची बाजू कळावी म्हणून तिच्यावर चुन्याचे एक बोट ओढले. (पूर्वी पोर्तुगालातही बाटलीवर असाच पांढरा फराटा ओढीत, हे त्याला मागाहून कळले आणि त्याचा त्याला फार आनंद झाला.)

मुलाचे लग्न झाले, पण व्याही माळकरी निघाले आणि बाटली राहिली. नातू झाला, तेव्हा ती राहिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढले, त्या दिवशी चीफच्या घराची निम्मी कौले गेली आणि कोठीच्या खोलीत पाऊस पडला; पेटारा भिजला, तूस कुजले, बाटली मात्र जागच्या जागी होती. तेव्हापासून त्या बाटलीविषयी बोलताना चीफचा आवाज बदलू लागला. तिला तो ‘बाटली’ म्हणेनासा झाला. ‘ती’ म्हणू लागला. आणि त्याच्या मनाने घेतले, की कोकणच्या मातीच्या जमिनीवर, आपल्या छपराखाली चाळीस वर्षे मुरलेली ‘ती’ लंडनच्या बहिणीपेक्षा सरस असली पाहिजे. निदान कमी तर नसलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी नाताळात भाचा आला, त्याने लंडनची बाटली आणली, आणि मला बोलावणे आले.

मलाच का, हा प्रश्न रास्त आहे. चीफबरोबर आजवर आठ-दहा वेळा पोर्ट चाखली असेल, तेवढ्यावर कोणी परीक्षक होत नाही. माझा खरा अधिकार वेगळ्या ठिकाणचा आहे. पेणचे पोहे प्रसिद्ध आहेत. माझ्या चुलत्यांचे पोह्यांचे दुकान होते, आणि चिमूटभर पोहे जिभेवर ठेवून ते भात कोणता, भिजवण पुरेशी झाली की नाही, भाजताना वाळू जास्त तापली होती का, हे सांगत. लहानपणी त्यांनी मला ते शिकविले. ‘आधी वास घे. मग चाव. मग गिळल्यावर काय उरते ते बघ. आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नकोस,’ हे त्यांचे चार नियम. पुढे मी मराठी शिकविण्यात जन्म घालविला, समीक्षेची पुष्कळ पुस्तके वाचली. पण या चार नियमांत भर घालणारे मला त्यांत फारसे आढळले नाही.

पोर्ट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे पोर्ट म्हटले, की गोव्याच्या सहलीहून परतताना आणलेली ती स्वस्त, गोड, लाल बाटली डोळ्यांपुढे येते. तिच्याशी माझे भांडण नाही. ती नवी प्यावयाची गोड वाइन आहे आणि तिला म्हातारपण नसते. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालातील दौरू नदीच्या खोऱ्यात होते. तेथला खडक पाटीसारखा पापुद्र्यांचा. त्याच्या भेगांत द्राक्षवेलीची मुळे पाणी शोधीत खोल जातात. तुरिगा नासियोनाल वगैरे जातींची काळी द्राक्षे दगडी हौदात पायांनी तुडवितात. उत्तम पोर्टसाठी अनेक ठिकाणी अजूनही माणसेच तुडवितात. रस फसफसू लागतो, साखरेचे मद्य होऊ लागते. दोन-तीन दिवसांत साखर निम्म्यावर येते न येते तोच त्यात द्राक्षांचीच जहाल दारू ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. त्या माऱ्याने आंबण्याची क्रिया जागीच थांबते. उरलेली साखर तशीच राहते, आणि वाइनमध्ये शेकडा वीसच्या आसपास मद्यार्क येतो. अर्धे आंबलेले, अर्धे गोड असे हे मिश्रण नवे असताना अक्षरशः तोंडात धरवत नाही. घसा पोळतो, दात आंबतात, आणि जांभळे खाल्ल्यासारखी जीभ जाड होते.

येथून पुढे तिचे दोन संसार होतात. बहुतेक पोर्ट लाकडी पिंपांत राहते, लाकडाच्या छिद्रांतून येणाऱ्या वाऱ्याने हळूहळू विटते, पिंगट होते, सुकामेव्याकडे झुकते. हे लाकडातले म्हातारपण. परंतु एखादे साल फार चांगले निघाले, म्हणजे सरासरी दहा वर्षांत तीन वेळा, तर व्यापारी घराणी ते साल जाहीर करतात. त्यातली निवडक वाइन दोनेक वर्षेच पिंपात ठेवून, न गाळता, बाटलीत भरतात. हीच व्हिंटेज पोर्ट. तिला वारा मिळत नाही. आपल्याच गाळाच्या सोबतीने, काळोखात, ती वीस, तीस, पन्नास वर्षे काढते. हे काचेतले म्हातारपण. १९६३ हे असे एक गाजलेले साल होते. १९७७ हे दुसरे, सगळ्या नव्हे पण बऱ्याच मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेले. आमच्या दोन्ही बाटल्या त्यांतल्याच एका घराण्याच्या. त्याचे नाव मी देत नाही. कारण जे पुढे घडले त्यात त्या घराण्याचा काही दोष नाही.

रोह्याला हा सारा प्रकार अगदीच परका आहे असे समजू नये. ज्या कुंडलिकेच्या काठी रोहे वसले आहे तीच नदी खाली जाऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. आणि तेथे, चौल-रेवदंड्यास, सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगीज ठाण मांडून होते. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. पाव, बटाटा, काजू, चावी, बादली हे शब्द आपल्याकडे ठेवून पोर्तुगीज गेले. पोर्ट मात्र ठेवून गेले नाहीत, कारण तिचा जम तेव्हा नुकता बसत होता. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लंडात पोर्तुगीज वाइनला फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू लागली आणि मागणी वाढली. दौरूच्या खोऱ्याची हद्द पोम्बालने कायद्याने आखून दिली ती १७५६ साली. तोवर चौल त्यांच्या हातून जाऊन सोळा वर्षे लोटली होती.

किंक्रांतीची संध्याकाळ ठरली. पौषातला गारवा, आणि दोन आठवडे उभ्या ठेवल्याने दोन्ही बाटल्यांचा गाळ तळाशी बसलेला. मी पेणहून गाडीने रोह्यास पोचलो तेव्हा वहिनींनी दारातच तिळगूळ पुढे केला.

“आत्ता नको, वहिनी,” मी म्हणालो. “जीभ गोड झाली की मला काही कळणार नाही.”

“संक्रांतीचा तिळगूळ नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच, भावोजी.”

“राहू दे,” आतून चीफ ओरडला. “तिळगूळ खाऊन उगाच गोड बोलण्यापेक्षा न खाल्लेला बरा.”

हे त्याने म्हटले खरे. पुढे त्याला ते आठवले की नाही, मी विचारले नाही.

परीक्षेची व्यवस्था वहिनींकडे होती, कारण त्या या पदार्थाला स्पर्शही करीत नाहीत आणि म्हणून निःपक्षपाती. स्वयंपाकघरात भाच्याने त्यांच्या देखरेखीखाली बुचे काढली. लंडनच्या बाटलीचे बूच लांब, काळे, खालून ओले. ते दोन तुकड्यांत आले. रोह्याचे बूच सुकून आत घसरू पाहत होते, आणि बाटलीतली वाइन खांद्याच्या बरीच खाली उतरलेली होती. ओतताना गाळ मानेपर्यंत आला की थांबता यावे म्हणून बाटलीमागे दिवा धरतात. भाच्याने देवघरातले निरांजन मागितले, त्यावर वहिनींनी जे पाहिले त्याने तो मुकाट्याने मोबाइलचा दिवा लावता झाला. दोन्ही वाइन मुरांब्याच्या धुतलेल्या काचेच्या बरण्यांत उतरल्या. मग वहिनींनी दोन पेले भरून एकाच्या बुडाला हळदीचे बोट लावले, दुसऱ्याच्या बुडाला कुंकवाचे, आणि ते बाहेर आणून ठेवले. कोणता कोणाचा, हे त्यांना आणि भाच्याला ठाऊक. तोंड मध्येमध्ये स्वच्छ करण्यासाठी पाणी आणि न खारवलेले काजू.

हळदीचा पेला आधी घेतला. रंग मध्यभागी अजून तांबडा, दाट, डाळिंबाच्या पिकल्या दाण्याचा. कडेला मात्र विटकरी. वास प्रथम काहीच देईना. जुने लाजाळू माणूस नव्या पाहुण्यापुढे बसते तसा तो बसून राहिला. पाच-सात मिनिटांनी आधी काळ्या मनुका आल्या, मग सुके अंजीर, मग गुलकंद, आणि त्यांच्या मागे शिसवी कपाट उघडल्यावर येतो तसा लाकूड, लवंग व कोरडी तंबाखू यांचा एकत्र वास. इंग्रज परीक्षक येथे देवदाराचे नाव घेतात. त्यांच्या आजीचे कपाट देवदाराचे असेल. माझ्या आजीचे शिसवीचे होते. जिभेवर ती गोड म्हणून आली, पण गोड म्हणून थांबली नाही. गोडव्याच्या पाठीला लागून तुरटपणा आला, आवळा खाल्ल्यावर पाणी पितो तसा, स्वतःच गोडात विरघळणारा. मग एक सौम्य आंबट रेघ, आणि घशात उबदार, न पोळणारे मद्य. यांतले कोणते कोठे संपले आणि कोणते सुरू झाले हे सांगता येईना. गिळल्यावर मी मनात आकडे मोजीत बसलो. चाळीसच्या पुढे गेलो तरी गुलकंद होताच.

कुंकवाच्या पेल्याचा रंग पिंगट, घासून ठेवलेल्या तांब्यासारखा, आणि किंचित गढूळ. वासासाठी थांबावे लागले नाही. पेला नाकाशी नेण्यापूर्वीच तो आला. काकवी, भाजलेला गूळ, अक्रोड, आणि सगळ्यांच्या वर नाकाला टोचणारी शिरक्याची एक सुई. तोंडात पहिल्यांदा गोडवा आला तो सुटा. पाक वेगळा आणि फोडी वेगळ्या झालेल्या मुरांब्यासारखा. तुरटपणा जवळजवळ गेलेला. मध्ये, जेथे हळदीच्या पेल्यात सारी बैठक भरली होती, तेथे पोकळी. मग पेला खाली ठेवणार तोच शेवटी एक अनपेक्षित गोष्ट झाली. संत्र्याच्या करपलेल्या सालीचा कडसरपणा आणि खारट अक्रोड यांची एक झुळूक आली आणि ती फार वेळ राहिली. तेवढ्यासाठी मी दुसरा घोट घेतला. दुसऱ्या घोटातही मधली पोकळी होतीच.

येथे मला ‘मुरणे’ या शब्दाविषयी थोडे बोलावयाचे आहे, कारण माझा निर्णय त्यावरच उभा होता. इंग्रज ‘पिकणे’ या अर्थाचा शब्द वापरतो. परंतु फळ पिकते ते एकटे, स्वतःच्या स्वतः. लोणचे मुरते तेव्हा त्यात मीठ असते, तेल असते, मोहरी असते, कैरी असते. आणि मुरण्याची खूण ही, की कैरीची फोड खाताना मीठ वेगळे लागत नाही. प्रत्येकाने आपला स्वभाव थोडा थोडा सोडलेला असतो, पण कैरी कैरीच असते, मऊ पडून लगदा झालेली नसते. नुसते दिवस गेल्याने कोणी मुरत नाही. दिवसांनी जुने होते, आणि जुन्याचे पुढे एक तर मुरलेले होते किंवा शिळे होते. तांदूळ जुना बरा, पोहे ताजेच बरे. जुने पोहे कुबट होतात, त्यांना कोणी मुरलेले म्हणत नाही. आपल्या वैद्यांनाही हा भेद ठाऊक होता. आसवे जुनी झाली म्हणजे अधिक गुणवान होतात असे शार्ङ्गधर सांगतो. द्राक्षासव हे तर, मद्यार्काचे प्रमाण सोडले तर, पोर्टचे दूरचे नातेवाईकच. पण तोच शार्ङ्गधर चूर्णे महिन्या-दोन महिन्यांत निर्गुण होतात असेही म्हणतो. वय हा गुण नव्हे. वयात काय घडले, हा प्रश्न.

व्हिंटेज पोर्टच्या बाबतीत काय घडावयास हवे, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. सालींतला तुरट अंश आणि रंग हळूहळू एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी जातात. वाइन फिकट आणि मृदू होते. मद्याचा जाळ बाकीच्यांत मिसळून जातो. पण यासाठी तिला थंडावा लागतो, बारा-चौदा अंशांचा, आणि तोही वर्षभर सारखा. उष्णता वाढली की सगळ्या क्रियांना घाई होते, बूच सुकते, फुगते, पुन्हा सुकते, आणि वारा आत शिरतो. रोह्याच्या वैशाखात बारा अंश हे फ्रीजच्या बाहेर कोठे मिळणार?

मी निर्णय दिला. हळदीचा पेला पूर्ण मुरलेला, अजून दहा वर्षे टिकेल असा, मी चाखलेल्यांत सर्वांत चांगल्या दोन-तीन पोर्टमधला. कुंकवाचा पेला व्हिंटेज पोर्ट म्हणून नापास. सुरुवात विटलेली, मध्य रिकामा, शेवट मात्र लक्षात राहण्याजोगा. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आहे, ती मी मानीत नाही. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका जन्मभर तपासल्यावर, साठ आणि बासष्ट यांत फरक असतो यावरचा माझा विश्वास उडालेला आहे.

चीफने दोन्ही पेले संपवून टेबलावर ठेवले होते. त्यालाही कळलेच होते. तीस वर्षे यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला ते न कळते कसे? तरी तो म्हणाला, “आधी हिला विचारा.”

वहिनी चाखणार नव्हत्या. त्यांनी दोन्ही पेले आळीपाळीने नाकाशी धरले, फक्त एकेकदा, आणि कुंकवाचा पेला दूर सारीत म्हणाल्या, “याला ऊन लागलंय.”

मी पाच-सहाशे शब्दांत जे लिहिले ते एवढेच आहे. छुंद्याला ऊन दाखवावे लागते आणि मुरांब्याला ते लागू द्यावयाचे नसते, हे ज्या नाकाला कळते त्याला पोर्टची पोथी वाचावी लागत नाही. त्यांना कोणता पेला कोणाचा हे आधी ठाऊक होते, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. आपल्या घरची बाटली दूर सारावयास ते ठाऊक असणे सोयीचे नव्हते, एवढेच मी म्हणेन.

“म्हणजे माझी नापास,” चीफ म्हणाला.

“व्हिंटेज पोर्ट म्हणून.”

“व्हिंटेज पोर्ट म्हणून!” तो उसळला. “तू पोर्टची परीक्षा केलीस, बाटलीची केली नाहीस. त्या लंडनवालीने काय केलं? गार तळघरात निजून राहिली. हिनं चाळीस उन्हाळे काढले. चक्रीवादळ काढलं. बारा अंशांत कोणीही मुरेल!”

हा युक्तिवाद मी साहित्यात फार ऐकला आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखा तो नाही. लेखकाने काय सोसले याचे मोल कृतीच्या मोलात धरावयाचे की नाही? साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ते आपण आदराने सांगतो. पण तुरुंगात लिहिली गेलेली, आणि आज कोणी उघडीत नाही, अशी पुस्तके थोडी का आहेत? ‘श्यामची आई’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते ती तुरुंगात लिहिली म्हणून नव्हे. ती वाचली जाते म्हणून आपल्याला तो तुरुंग आठवतो. सोसणे हा लेखकाचा गुण, त्याला नमस्कार करावा. पुस्तक मात्र पुस्तकानेच उभे राहिले पाहिजे. मी हे चीफला याच शब्दांत सांगितले नाही. एवढे लांब वाक्य ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. मी म्हणालो, “उन्हाळे तू काढलेस, चीफ. तिला तू काढायला लावलेस.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटले, आमची साठ वर्षांची मैत्री या एका पेल्यात बुडाली.

मग भाच्याने मध्येच एक प्रश्न विचारला, आणि त्या संध्याकाळचा उत्तम प्रश्न तोच. “काका, हिला व्हिंटेज पोर्ट म्हणूनच का मोजायचं? दुसरं काही म्हणून मोजली तर?”

प्रश्न बिनतोड होता, कारण असे दुसरे काही खरेच आहे. मदेरा बेटाची वाइन पूर्वी पिंपांत भरून गलबतांवरून हिंदुस्थानाकडे जाई आणि न खपलेली पिंपे उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून परत येत. परतलेली वाइन अधिक चांगली लागते असे लोकांच्या ध्यानात आले, आणि पुढे मुद्दाम तिला फेरी घडवू लागले. त्या वाइनला ‘फेरीची वाइन’ असेच नाव पडले. मग फेरीचा खर्च वाचविण्यासाठी घरच्या घरी उष्णता देण्याच्या युक्त्या निघाल्या. म्हणजे ऊन लागणे हा तेथे दोष नव्हे, तोच संस्कार. काकवी, अक्रोड, करपलेली संत्र्याची साल, लांबणारा शेवट: कुंकवाच्या पेल्यात जे जे मला आवडले ते सारे मदेराचे गुण आहेत. कादंबरी म्हणून पडलेले पुस्तक बखर म्हणून वाचता येते का, असाच हा प्रश्न.

मी पुन्हा तो पेला भरून घेतला आणि या नव्या नजरेने चाखला. प्रामाणिकपणे सांगतो, तो वर गेला. पण पार झाला नाही. मदेराच्या अंगी धारदार आंबटपणा असतो, त्याच्या जोरावर ती सारे ऊन पचविते. पोर्टपाशी तेवढे आंबट नसते; तिचा आधार तुरटपणाचा, आणि तो तर उन्हाने आधीच काढून घेतलेला. शिवाय शिरक्याची ती सुई मदेराच्या मापानेही जरा जास्तच होती. दुसऱ्या प्रकाराची मापे लावून कृतीला उदारपणे वाचावे, हे मला मान्य आहे. पण मग ती मापेही पूर्ण लावावी लागतात. शेवट सुंदर, बाकी सामान्य: एवढेच माझे दुसरे मत, आणि ते मी दिले. चीफने या वेळी मान हलविली. “शेवट सुंदर आहे ना?” त्याने विचारले. मी म्हणालो, फार. मग त्याने वहिनींकडे तिळगूळ मागितला आणि दोन वड्या माझ्या हातावर ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी पेणला फोन आला. दोन्ही बरण्यांत थोडी थोडी वाइन उरली होती. “तुझी लंडनवाली बसली,” चीफ म्हणाला. “गुलकंद गेला, नुसतं लाकूड राहिलंय. आणि माझी? होती तशीच!”

त्याच्या आवाजातला आनंद माझ्यापर्यंत पोचला, आणि ते खरेही असणार. बाटलीतली जुनी पोर्ट वारा लागल्यावर एक-दोन दिवसांत मावळते. जिला वाऱ्याने जे करावयाचे ते आधीच करून टाकले आहे तिचे आणखी काय बिघडणार? पिंपातल्या पोर्ट आणि मदेरा उघडल्यावर पुष्कळ दिवस राहतात त्या याच कारणाने. मी हे त्याला समजावून सांगू लागलो, पण त्याने ऐकले नाही. निर्णय बदलतोस का, एवढेच विचारले. मी नाही म्हणालो. फराळाची करंजी तुळशीच्या लग्नापर्यंत टिकते आणि बासुंदी रात्री संपवावी लागते. तेवढ्यावरून करंजीला बासुंदीच्या वर बसविता येत नाही. यावर तो म्हणाला, की त्याला करंजीच अधिक आवडते, आणि फोन ठेवला.

लंडनची रिकामी बाटली भाचा परत घेऊन गेला. रोह्याच्या बाटलीचा गाळ वहिनींनी शेवग्याच्या मुळाशी ओतला आणि बाटली धुऊन उन्हात पालथी घातली. वैशाखात मी गेलो तेव्हा ती फळीवर होती. कोकमाचे आगळ काठोकाठ भरलेले, नवे बूच, आणि कुशीवर चुन्याचे ते बोट होते तसे.